अनुरणन बंद होता तेव्हा

ब्रह्मा घाटाच्या गल्लीत विद्युल्लता धर्माधिकारींना सगळे लताताई म्हणत. पण लताताई घरात बसून नेमकं करतात काय, हे कोणालाच धड सांगता येत नसे. घरात माणूस एक आणि आवाज मात्र दिवसभर चालू. कधी लांबच लांब घुमणारा सूर, कधी पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखी टकटक. खालच्या मजल्यावरची भाडेकरीण सुरुवातीला एकदा वर आली होती. "दीदी, आपका फ्रिज खराब हो गया है का? बहुत देर से घूँ-घूँ कर रहा है।"

लताताई हसल्या नाहीत. त्यांनी तिला बसवून समजावलं की हे संगीत आहे, विजेच्या यंत्रांवर रचलेलं. हा आपला रेडिओ आहे, इंटरनेटवरचा. जगात कुठेही ऐकता येतो. बाई "अच्छा" म्हणाली आणि खाली गेली.

लताताईंचे वडील घनपाठी वैदिक होते. पहाटेपासून घरात विद्यार्थ्यांची संथा चाले. धाकट्या विश्वेश्वरला वडिलांनी मांडीला मांडी लावून शिकवलं. लताला कोणी ऊठ म्हटलं नाही, पण बसही म्हटलं नाही. ती पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि पुढे तिथल्याच प्रयोगशाळेत शिकवू लागली. एकदा दुरुस्तीला आलेलं एक यंत्र तिने घरी आणलं. बटण फिरवलं की त्यातून एकच सूर निघे, सरळ, न हलणारा. वडील दारात उभे राहून बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "याला श्वास नाही गं."

रागाने नाही म्हणाले. पण लताला नेमकं तेच आवडलं होतं. तो सूर तुटत नव्हता, थकत नव्हता. त्याच्याजवळ बसलं की आपण या घरात पाहुणे आहोत असं तिला वाटत नसे.

वडील गेले. विश्वेश्वर पुण्याला स्थायिक झाला. लग्नाचं वय कधी उलटून गेलं ते लताताईंनाही नीट आठवत नव्हतं. नोकरीतून मुदतीआधीच मोकळ्या होऊन त्यांनी 'अनुरणन' हा रेडिओ सुरू केला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक खोलीत एकटे बसून असलं संगीत रचत. त्यांना लिहिलं की ते आनंदाने पाठवून देत. काही तुकडे लताताईंचे स्वतःचे असत. सकाळी आंघोळ, देवपूजा झाली की रेडिओ सुरू आणि दिवेलागणीला बंद. मधे त्या एक शब्दही बोलत नसत. बोलायचं तरी कोणत्या भाषेत? मराठी ऐकणारं कोणी असेलसं वाटत नव्हतं, आणि जन्म काशीत जाऊनही हिंदीत मन उघडं करायची त्यांना सवय नव्हती. रेडिओच्या पानावर फक्त त्याचं नाव होतं, 'ब्रह्मा घाट, काशी' एवढं लिहिलेलं होतं आणि निरोप धाडायला एक चौकट होती. ती सहसा रिकामीच असे.

पानाच्या मागच्या बाजूला, त्यांना एकटीलाच दिसेल असा, ऐकणाऱ्यांचा आकडा होता. लोक येत, घटकाभर थांबत, निघून जात. बहुतेक वेळ तिथे शून्य. मग एका उन्हाळ्यात तिथे एक आला आणि तो गेलाच नाही. सकाळी रेडिओ सुरू झाला की थोड्याच वेळात एक. संध्याकाळपर्यंत एक. लताताई नकळत त्या एकासाठी रेडिओ लावू लागल्या. दुपारी कर्कश काही नको, झोपलं असेल. सकाळी थोडं चालतं-फिरतं लावू. भाजी निवडतानासुद्धा त्यांचा एक डोळा त्या आकड्याकडे असे.

नवरात्रात विश्वेश्वरचा फोन आला. बोलता बोलता लताताईंनी विचारलं, "रेडिओ ऐकतोस का रे कधी?"

"ऐकतो की! परवाच लावला होता. काय गोड बासरी होती गं."

अनुरणनवर बासरी कधीच वाजली नव्हती. लताताई "हो का" म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो एक म्हणजे विश्वेश्वर नव्हे तर. मग त्यांना पॉलिटेक्निकातल्या एका सहकाऱ्याचं बोलणं आठवलं. असे दिवसभर चिकटून बसणारे श्रोते माणसं नसतातच म्हणे; कुठल्या तरी कंपनीचं यंत्र सगळे रेडिओ तपासत असतं, तेवढंच. म्हणजे आपण इतके महिने एका यंत्राची झोप सांभाळली की काय!

त्यांनी रेडिओ बंद केला. भर दुपारी, चालू तुकडा अर्ध्यावर तोडून. बघू तरी, कोणी विचारतं का.

त्या रोज सकाळ-संध्याकाळ निरोपाची चौकट उघडून बघत. कोणी विचारलं नाही. मंगला गौरीच्या देवळात जाऊन आल्या, डबे घासले, पितळी भांडी काढून चिंचेने लख्ख केली. जिन्यात भाडेकरीण भेटली. म्हणाली, "फ्रिज बनवा लिया न दीदी? अब एकदम आवाज नहीं आता।" एवढ्या मोठ्या जगात तेवढं तिलाच कळलं होतं.

शेवटी घरातली शांतताच सोसेना, म्हणून लताताईंनी रेडिओ पुन्हा लावला. आकडा शून्यावर होता. तो एक परत आला नाही.

कार्तिकात पंचगंगा घाटावर आकाशदिव्यांचे बांबू उभे राहिले होते, तेव्हा एका सकाळी दारात एक गृहस्थ आले. साठीचे असतील. हातात ओल्या कपड्यांची पिशवी.

"अनुरणन रेडिओ इथेच ना? घाटावर विधी करणाऱ्या ढुंढिराज गुरुजींनी घर दाखवलं; दिवसभर सूर घुमतो ते हेच, म्हणाले. मी श्रीराम मुजुमदार, सांगलीचा. बायकोच्या अस्थी घेऊन आलो होतो."

लताताईंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. ते यंत्रांकडे, तारांकडे पाहत राहिले.

"कस्तुरी तुमचा रेडिओ ऐकायची," ते म्हणाले. "दिवसभर. अंथरुणाला खिळली होती ना. कुठून सापडला तिला, देव जाणे. मला तर हे संगीत कळत नाही, खोटं कशाला सांगू. पण माणसं भेटायला आली की ती दमायची आणि हे लावलं की तिचा चेहरा सैल व्हायचा. म्हणायची, माझ्याशी काही न बोलता कोणीतरी सोबत बसलंय."

लताताईंची नजर पडद्यावरच्या आकड्याकडे गेली.

"देवाधर्माची नव्हती ती. पण अस्थी काशीलाच न्या म्हणाली. तिथे माझा रेडिओ आहे म्हणाली." पाण्याचं भांडं त्यांनी हळूच खाली ठेवलं. "एक विचारू का? शेवटच्या आठवड्यात तो बंद पडला होता. तिला वाटलं, आपले कानच गेले. मी समोर बसून बोलत होतो, ते ऐकू येत होतं तिला, तरी तसंच म्हणायची. काय झालं होतं तेव्हा?"

गल्लीत सदा खोदकाम चालूच असे. तार तुटली म्हटलं असतं तरी कोणालाही पटलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते.

"मीच बंद केला होता," लताताई म्हणाल्या. "कोणी विचारतं का ते बघायला."

खाली घाटावर कोणीतरी नाववाल्याला हाका मारत होतं.

"मी तिला म्हणालो होतो, लिहून विचारू का," ते सावकाश म्हणाले. "तर म्हणाली, नको. त्यांची काही अडचण असेल, आपण कशाला त्रास द्यायचा."

लताताईंनी पदर तोंडाला लावला. श्रीराम उठले नाहीत, की तुमची चूक नाही असंही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "थोडं लावता? ती ऐकायची तसलं."

लताताईंनी लावलं. श्रीराम भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "नाहीच कळत मला." चहा घेतला आणि पिशवी उचलून जिना उतरले. गल्लीच्या वळणापर्यंत लताताई खिडकीतून त्यांना पाहत होत्या.

त्या आठवड्यात लताताईंनी रेडिओच्या पानावर आपला फोन नंबर टाकला. खाली मराठीत आणि हिंदीत लिहिलं: बंद पडला तर कळवा. फोन येऊ लागले. एकाला भजनं हवी होती, एकाला गंगेची आरती बघायला होडी ठरवायची होती. एक मुलगी नुसतीच हसली आणि तिने फोन ठेवला. लताताई प्रत्येकाला नीट उत्तर देत. आकडा कधी शून्य असे, कधी एक. तरी त्यांनी रेडिओ पुन्हा आपण होऊन कधी बंद केला नाही.

माघात एका दुपारी लाइट गेली. बॅटरीही संपली. लताताई खिडकीशी उन्हात बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, मुजुमदार बोलतोय. बंद आहे वाटतं?"

"लाइट गेलीय," त्या म्हणाल्या. मग, "तुम्ही ऐकता?"

"तिच्या खोलीत लावून ठेवतो. स्वयंपाकघरात असलो की येतो ऐकू." ते खाकरले. "आवडतं असं नाही म्हणणार मी."

"नका म्हणू."

फोन कोणीच ठेवला नाही. सांगलीकडून कुकरची शिटी ऐकू आली, काशीकडून माकडं पत्र्यावरून धावत गेली.

"येईल ना लाइट?" श्रीरामांनी विचारलं.

"येईल. इथे काही सांगता येत नाही, पण येते."

"बरं. मग मी चालूच ठेवतो इकडे."