कौसामायचा नवस

देवीवर माझी श्रद्धा आहे, पण तिच्याशी माझे नेहमी पटतेच असे नाही. त्या उन्हाळ्यात तर मी तिच्याशी अबोला धरला होता. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर अमरावतीला, राजापेठेत मुलाकडे राहायला आले. सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढत बसण्यापेक्षा बरे म्हणून जवळच्या देवीच्या देवळामागे जाऊ लागले. तिथल्या धर्मशाळेत दर मंगळवारी फुटपाथवर आणि पुलाखाली राहणाऱ्यांसाठी मोफत दवाखाना भरतो. मंगळवारी महाप्रसाद असतो, मंडळी जेवायला येतातच, म्हणून डॉक्टरांनी तो वार धरलेला.

तिथेच कौसामाय भेटली. नवरा गेल्यावर दिराने घराबाहेर काढलेली, देवळाच्या ओट्यावर झोपणारी आणि कोणी न सांगता रोज देवीच्या पायऱ्या झाडणारी. तिला शुगर होती, मलाही आहे, म्हणून आमचे बरे जमायचे. तिच्या तळपायाला जखम झाली होती. दर मंगळवारी मी ती धुऊन पट्टी बांधायची आणि आठवड्याच्या गोळ्या द्यायची. कागदी पाकिटे संपली होती, प्रसादाचे पळसाचे द्रोण मात्र रग्गड, म्हणून आम्ही गोळ्या द्रोणातच देत होतो. कौसामाय तो द्रोण दोन्ही हातांनी घ्यायची आणि कपाळाला लावायची. औषधावर एवढा भाव असलेला पेशंट मी तरी पाहिला नव्हता.

आणि तरीही जखम काळी पडत चालली. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुढच्या मंगळवारपर्यंत फरक पडला नाही तर पाय कापायला मोठ्या दवाखान्यात पाठवावे लागेल. कौसामायने शांतपणे विचारले, "पाय गेला तं पायऱ्या कोन झाडन?" मी तडक गाभाऱ्यासमोर गेले आणि देवीला मनातल्या मनात फैलावर घेतले. ही तुझ्या पायऱ्या झाडते आणि तुला तिचा एक पाय सांभाळता येत नाही? त्या दिवशी मी प्रसाद न घेताच घरी आले.

पुढच्या मंगळवारी एक फुगेवाला आमच्या टेबलासमोरच कोसळला. त्याला आम्ही कधी पाहिलेले नव्हते. घामाने निथळत होता, हात थरथरत होते. डॉक्टरांच्या हातात शुगरचे मशीन होतेच, पाहिले तर साखर पार खाली गेलेली. मी त्याला साखरेचे पाणी पाजले. जरा हुशारी आल्यावर विचारले, "काय खाल्लं होतं रे?"

"काई नाई, उपास हाय. सकाळी कौसामायनं परसाद देल्ला, तेवढाच." त्याने खिशातून उरलेला प्रसाद काढून दाखवला. पांढरी गोळी होती, मीच दिलेली, शुगरची.

कौसामायला बोलावले. आमचे चेहरे पाहून ती गोंधळली. "देवीच्या दारात, द्रोनात देल्लं, म्हंजे परसादच न? एकटीनं कसा खाऊ? थोडा मी खातो, बाकी साऱ्याईले वाटतो."

मी कपाळावर हात मारला. कोणाकोणाला दिल्या ते विचारून आधी त्या गोळ्या गोळा केल्या. मग हे औषध आहे, प्रसाद नव्हे, असे तिला परोपरीने समजावले. तिने मान हलवली, पण ती मान मी जन्मभर पाहत आले आहे. दवाखान्याबाहेर पडले की सगळे विसरायची ती मान. मला काही सुचेना. आणि मग तोंडून जे निघाले ते माझे होते असे मला आजही वाटत नाही.

"कौसामाय, हा परसाद नाई. हा तुह्या पायाचा नवस हाय."

ती एकदम गंभीर झाली. "मंग सांगा लागत होतं न, सिस्टरबाई. नवस तं ज्याचा त्यानंच फेडा लागते."

डॉक्टरांनी आणखी एक आठवडा दिला. पुढच्या मंगळवारी मी पट्टी सोडली. आत लालसर, स्वच्छ मांस धरू लागले होते. "पाय राहते," डॉक्टर म्हणाले. मी उठून देवीसमोर गेले आणि पोटभर रडले. जिवावरचे ओझे उतरले होते आणि भांडायला तोंड राहिले नव्हते. तो फुगेवाला कुठेही पडला असता, बसखालीही गेला असता. तो आमच्याच टेबलासमोर पडला. याला काय म्हणायचे ते ज्याने त्याने ठरवावे. मी मागत होते जखमेसाठी गुण, आणि देवीने दाखवली माझ्याच हातातल्या द्रोणाची चूक. कसे द्यायचे हे तिच्यावर सोडावे, एवढे मला आता कळते.

जखम भरल्यावर कौसामाय स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून गेली, देवीला पेढा ठेवला आणि माझ्याकडे आली. पेढा मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"मले शुगर हाय, माय."

"मलेबी हाय. पन हा नवस नाई सिस्टरबाई, हा परसाद हाय. हा वाटूनच खा लागते."

मी दोन्ही हात पुढे केले, पेढा कपाळाला लावला आणि खाल्ला.