चौकातली वैष्णवी

नांदे गावच्या वैष्णवीची उंची हा तिच्या घरात बरीच वर्षं काळजीचा विषय होता. दहावीतच ती वडिलांच्या, म्हणजे गोरखच्या, डोक्यावरून पलीकडचा रस्ता बघायची. "हिला आता विजेच्या खांबाचंच स्थळ बघा," असं बायका म्हणायच्या. चुलते जयसिंगतात्या मात्र म्हणाले, "देवानं दिलीया उंची, तर कामाला लावू." त्यांनी एका घमेल्याचं बूड कापलं आणि ते गोठ्याच्या भिंतीवर उंच ठोकलं. म्हशींनी आधी निषेध केला, मग त्या प्रेक्षक झाल्या. त्या घमेल्यात चेंडू टाकता टाकता पोरगी जिल्ह्याच्या संघात गेली, राज्याच्या गेली, आणि शेवटी शिष्यवृत्तीवर थेट अमेरिकेतल्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायला पोहोचली.

इकडे तात्यांनी वाटणीच्या म्हशी विकून प्लॉटिंग सुरू केलं. आता आमच्याकडे माणूस पुढं गेला की त्याचा फ्लेक्स लागतो. वाढदिवसाला तर मागं राहिलेल्यांचाही लागतो. त्यामुळे तात्यांनी चौकात फ्लेक्स लावला यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मधोमध चेंडू उचललेली वैष्णवी, कोपऱ्यात हात जोडलेले तात्या, आणि खाली: 'आमच्या लेकीसारखी उंच झेप घ्या! आजच प्लॉट बुक करा!'

त्याचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत तिच्या कॉलेजात गेला. बाहेरदेशातून शिकायला आलेल्या खेळाडूनं आपला चेहरा कुणाच्या धंद्याला द्यायचा नाही, असा तिथला नियम. चौकशी होईपर्यंत तिचं खेळणं थांबलं.

"तात्या, मला न विचारता लावला, एवढंच चौकशीच्या मॅडमला सांगा," ती फोनवर म्हणाली. "न्हाईतर शिष्यवृत्ती जाईल माझी."

"म्हंजी मी चोर?"

"चोर कोण म्हणतंय? पण विचारलं व्हतं का?"

"खांद्यावर घिऊन गावभर मिरवलं तुला. तवा विचारलं व्हतं?"

तरी तात्या तयार झाले. व्हिडिओ कॉलला इस्त्रीचा सदरा घालून, गोरखला शेजारी घेऊन बसले. पडद्यावर एका चौकटीत कॉलेजच्या मॅडम, दुसरीत दुभाषा, तिसरीत वैष्णवी. तिला मध्ये बोलायची मनाई होती. दुभाष्यानं विचारलं, "या फोटोला मुलीची परवानगी होती का?"

तात्यांनी गोरखकडं बघितलं. परक्या बाईसमोर म्हणायचं, की आमच्या घरात पोरगी एकीकडं आन चुलता दुसरीकडं? भावकीतलं भांडण चावडीवर नेण्यातलाच प्रकार तो. तात्या ताठ झाले.

"परवानगी म्हंजी काय! पोरीच्या शब्दाभायेर न्हाई आमी. तीच म्हणली, तात्या, लावा बिनघोर. लई गुणाची हाय!"

वैष्णवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तात्यांना वाटलं, लाजली.

निकाल आला: हा हंगाम बाकावर, शिष्यवृत्तीचं नंतर बघू. तात्यांनी पुन्हा फोन लावायला लावला, मी खोटं बोललो म्हणून सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, की मग आत्ताचं खरं कशावरून?

पुढची मॅच घरातल्यांनी सकाळी मोबाइलवर बघितली. वैष्णवी साध्या कपड्यांत बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. कोच जागचा हलला की तात्या पुढं सरकायचे. आता उठवतील, आता उठवतील. मॅच संपली. तात्या चहा न घेता उठले, शिडी घेऊन चौकात गेले आणि त्यांनी स्वतः फ्लेक्स उतरवला.

"गोठ्यावर टाकू," गोरख म्हणाला. सगळं गाव जुने फ्लेक्स छपरावर टाकतं. "पत्रा गळतुया."

"न्हाई," तात्या म्हणाले. "आधी तिला इचार."

गोरखनं फोन लावला. बराच वेळ वाजला. तिनं उचलला नाही.

फ्लेक्स अजून घडी घालून त्या घमेल्याखाली पडलाय. पत्रा गळतोय. तात्या रोज विचारतात, "आला का तिचा फोन?"