सईच्या खोलीचा निळा

लग्नघरात किस्से साठतात म्हणे. आमच्याकडे नुसती एक खोली रंगवायला काढली, तर वाडीतल्या बायका अजून मला रस्त्यात थांबवून "मग पुढे?" विचारतात!

सई रांगत होती तेव्हा हे बोटीवर गेले. व्हिडिओ कॉल करतात तो केबिनमधल्या निळ्या भिंतीपुढे बसून. सईला बाबा माहीत ते तेवढेच, मोबाईलमधले. घरी आल्यावर तिने ओळखलंच नाही तर? त्या धास्तीने मला जेवण जाईना. म्हणून म्हटलं, तिची खोली तशीच निळी करूया.

*

बाजारात रंगाच्या दुकानात स्क्रीनशॉट दाखवला. माझ्या मोबाईलवर एक शेड जुळली. सासूबाईंनी तोच फोटो त्यांच्या मोबाईलवर उघडला, तर शेजारची जुळली! मी थंडगार.

दुकानदार म्हणाला, "दोन्ही न्या. नाहीतर आधी मोबाईल कुठला खरा ते घरात ठरवा!"

*

महादेव पेंटरने भिंतीवर दोन पट्टे मारले. डावा माझा, उजवा सासूबाईंचा. मासे घेऊन आलेल्या फातिमाभाभीला विचारलं, तर तिने टोपलीतला बांगडा उचलून थेट भिंतीलाच लावला. मी किंचाळले!

"डावा आजचा बांगडा, उजवा कालचा," ती म्हणाली. "कालचा कोण घेतो गो?"

सासूबाईंनी त्या दिवशी मासेच घेतले नाहीत.

*

पट्ट्यांच्या दुसऱ्या हाताचा रंग ओला असताना सईने भिंत चाटली. जीभ निळी! तशीच उचलली, रंगाचा डबा घेतला, रिक्षा केली. रिक्षात मी रडतेय आणि ती खिदळतेय.

डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, डब्यावरचं वाचलं. "काही होणार नाही, घाबरू नका." मग परत जीभ बघून म्हणाले, "पण हाच लावा हां, छान दिसतोय!"

तो उजवा होता. सासूबाई म्हणाल्या, "बघ, शिकलेला माणूस आहे तो!"

*

मी जयगडला माहेरी जाऊन आले. दार उघडलं आणि हातातली पिशवी पडली. दोन भिंती माझ्या निळ्या, दोन सासूबाईंच्या!

महादेव म्हणाला, "तुम्ही फोनवर हा सांगितलात, आईंनी समोर उभं राहून तो सांगितला. वहिनी, मला दोघींच्या हातचा चहा प्यायचाय!"

*

परवा हे आले. हाक मारली, तर सई दाराआड जाऊन किंचाळून रडायला लागली. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. बॅग तशीच टाकून हे खोलीत गेले नि माझ्या भिंतीला टेकून बसले. सई दारातून बघत राहिली. पुढे येईना.

सासूबाई म्हणाल्या, "बाबू, इकडे बस. माझ्या भिंतीपुढे."

हे सरकले.

सईचं रडं थांबलं. हळूहळू जवळ गेली. ह्यांच्या गालावर एक बोट टेकवलं, लगेच मागे घेतलं.

"बाबा," म्हणाली, "आता बाहेर ये!"