ते टेन्शन नव्हतं

ताई पडल्याचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात, बेहाला भागातल्या आमच्या घरी भाजी निवडत होते. "दीदी गिर गई हैं, बात नहीं कर रही हैं," एवढंच तिच्या शेजारच्या बाई बोलल्या. मी बालीगंजला तिच्या घरी पोहोचेपर्यंत तिला रुग्णालयात हलवलं होतं. रक्तदाब इतका चढला की मेंदूतली एक नस फुटली, असं तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं आणि फाइलमध्ये लिहिता लिहिता विचारलं, "बहुत टेंशन लेती थीं क्या?" ताई शुद्धीवर असती तर तिनं त्याला समोर बसवून तासभर शिकवलं असतं. ती शुद्धीवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेली... आणि तो प्रश्न मात्र इतके आठवडे झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी थोरली बहीण वसुधा. नागपूरहून इथे शिकायला आली आणि इथल्याच एका संशोधन संस्थेत राहिली. शरीराची रोगप्रतिकारशक्ती हा तिचा विषय. पुढे माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, आणि या शहरात पोटभर मराठी बोलायला आम्ही दोघी एकमेकींना मिळालो. तोवर तिला आमवात जडला होता. बोटं सुजायची, सकाळी मूठ वळत नसे. ज्या पेशींनी जंतूंशी लढायचं त्या तिच्याच सांध्यांवर उठल्या होत्या. "माझा विषय माझ्याच अंगात शिरलाय," असं म्हणून हसायची. मग रक्तदाबही वाढला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, राग कमी करा. आई फोनवर म्हणायची, "वसू, तुझा स्वभावच तापट गं." ताईनं मीठ जवळजवळ सोडलं, जवळच्या तलावाच्या काठानं फिरायला जायला लागली, गोळी कधी चुकवली नाही. तरी दाब उतरायचा नाही, आणि जो तो तिच्या स्वभावाकडे बोट दाखवायचा.

एका रविवारी जेवताना मी तिला सरळच विचारलं, "मग कशानं वाढतं तुझं?"

"एकच कारण नसतं," ती म्हणाली. "पण हे बघ, या लढाऊ पेशी नुसत्या सांध्यांत बसत नाहीत. मूत्रपिंडात शिरतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरतात. तिथे त्या जी रसायनं सोडतात त्यांनी मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, वाहिन्या कडक होतात. दाब वाढणारच. ज्या उंदरांत या पेशी जन्मतःच नसतात, त्यांचा दाब वाढवू म्हटलं तरी इतरांइतका वाढत नाही."

"आणि तुझा राग?"

"राग वेगळा. राग मला माणसांचा येतो."

"मग त्या पेशी दाबून टाकायच्या ना औषधानं!"

"सरसकट दाबल्या तर माणूस साध्या न्यूमोनियानं जाईल. नेमक्या कुठल्या पेशी हा उद्योग करतात ते कळलं पाहिजे. तेच शोधायचंय मला."

जगात इतरत्र यावर काम चालू होतं, नवं काही शोधल्याचा तिचा दावा नव्हता. तिला हे आमवाताच्या रोग्यांत तपासायचं होतं, कारण इतक्या लोकांना नुसतं "शांत राहा" सांगून घरी पाठवतात याची तिला चीड होती. शहराबाहेर पार बजबज गावापर्यंत लोकलनं जाऊन तिनं आमवात झालेल्या बायकांच्या रक्ताचे नमुने आणले. सुजल्या बोटांनी नळ्या धरून काम केलं. काही हाती लागतंय असं वाटायला लागलं, आणि तिच्या विभागाच्या सरांनी प्रकल्प बंद केला. रक्तदाब हा हृदयवाल्यांचा प्रांत, तुम्ही जंतुसंसर्गाचं बघा, म्हणाले. ती भांडली. भांडली म्हणून भांडकुदळ ठरली.

काही वर्षांनी त्याच सरांचं त्याच विषयावर मोठं व्याख्यान झालं. ताईनं मला सोबत नेलं होतं. पडद्यावर आलेखामागून आलेख येत होते. ताई हळूच म्हणाली, "हे माझे आहेत." शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ती उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, हे नमुने कुणी गोळा केले?" सर हसले. "आमच्या टीमनं." पुढचा प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला. ती थोडा वेळ तशीच उभी होती... मग बसली. टॅक्सीत म्हणाली, "आता मला काही झालं ना मंजू, तर म्हणतील, भांडून भांडून गेली."

तेच झालं. संस्थेतल्या शोकसभेत सर बोलले, "वसुधा फार हुशार होती. पण प्रत्येक गोष्ट मनाला लावून घ्यायची. ताणानंच तिला नेलं." माना डोलल्या. ज्या माणसाला ताईच्याच कामामुळे खरं काय ते ठाऊक होतं, तोच हे बोलत होता. सभा संपल्यावर मी त्यांना दारात गाठलं.

"त्या व्याख्यानात तिचं नाव का नव्हतं?"

"तेव्हा वेळ फार कमी होता हो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हीही आता ताण घेऊ नका." मी त्यांचा हात बाजूला केला. मी आणखी काय करणार होते? तिच्या नावानं छापलेलं एक पानही माझ्याकडे नाही.

घरमालकाला फ्लॅट लगेच हवा होता. सामान निघालं, भिंती मोकळ्या झाल्या. शेवटी स्वयंपाकघरात गेले तर नळाच्या चावीला चिंधी गुंडाळलेली. आईच्या जुन्या सुती साडीची. वाकड्या बोटांना पकड यावी म्हणून तिनं बांधलेली. मग दिसत गेल्या... कपाटाच्या मुठीला, खिडकीच्या कडीला, गॅसच्या बटणाला. रंगारी मागे उभा राहून विचारत होता, "ये गंदा कपड़ा निकाल दें?" मी म्हटलं, मी काढते. नळाची गाठ सोडवायला घेतली. माझी बोटं धडधाकट आहेत, तरी गाठ हलेना. कापडावर दातांचे ठसे होते. एक टोक दातांत धरून तिनं ती आवळली असणार, एकटीनंच. मी खटपट करत राहिले, नखं दुखायला लागली. मग तशीच ठेवून किल्ली देऊन आले. रंगाऱ्यानं ती एव्हाना कापून टाकली असेल.