कुमुदकाकूंचा आमटीचा डबा

शेजारच्या कुमुदकाकूंनी कटाची आमटी पाठवली, श्रीखंडाच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात. आमटी इतकी गरम होती, की डबा हातात मऊ लागत होता. ती पातेल्यात ओतून मी डबा घासायला घेतला. आतून तो घासून घासून पांढरट, खरखरीत झाला होता. हे झिजलेलं प्लास्टिक कुठे गेलं असेल? थोडं मोरीत, आणि बाकीचं?

मग डबा हातात घेऊनच शेजारच्या दारात जाऊन काकूंना म्हटलं, "गरम आमटी स्टीलच्या डब्यात द्याल का?"

"स्टीलचे डबे लोक परत करत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "आणि हा बघ, कितीही वर्षं वापर, याला काही होत नाही."

याला होत नाही म्हणे, पण आपल्याला? हे त्यांना कसं सांगावं कळेना. आमटीत माया होती, आणि बहुतेक डबाही.

डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून घरी येऊन लाडू काढले. आता ते याच डब्यात भरावेत, की स्टीलच्या? स्टीलचा दिला तर काकूंना टोमणा वाटेल. विचार करत ओट्याशी उभी राहिले, आणि उभ्याउभ्याच दोन वाट्या आमटी पिऊन झाली.