चहाच्या शॉटमधला कांदा

"ताई, यात एकही कट नको," निनाद म्हणाला.

स्क्रीनवर त्याचे वडील चहा पीत होते. बराच वेळ पीतच होते.

मी फिल्म एडिटर आहे. मनवेलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत माझं काम चालतं. निनाद भुईगावचा. त्याने आपल्याच घरावर पहिली फिल्म केली होती आणि भूमिकांत खऱ्या आईवडिलांनाच घेतलं होतं. वडिलांची, म्हणजे नानांची, बायपास झाली, त्या दिवसांची गोष्ट. नवरा हॉस्पिटलमधून घरी येतो, बायको चहा देते आणि तो म्हणतो, "तुला माझा फार त्रास झाला," असा सीन होता. नानांच्या तोंडून ते वाक्य काही निघालं नाही. प्रत्येक टेकला ते बशीत चहा ओतायचे, प्यायचे आणि वाडीतल्या केळींकडे बघत बसायचे.

सिनेमातलं वास्तव कशाला म्हणायचं, हा जुना वाद आहे. काही जण म्हणतात, कॅमेरा जगाचा ठसा घेतो. तो तोडू नका. शॉट लांब ठेवा, कुठे बघायचं ते प्रेक्षकाला ठरवू द्या. बाकीचे म्हणतात, नुसता ठसा पुरत नाही. दोन शॉट शेजारी आले की त्यातून अर्थ तयार होतो. निनाद पहिल्या मताचा, तोही कडवा. माझं पोट दुसऱ्या मतावर चालतं.

निर्मात्यांचा फोन आला. "म्हातारा चहा पितो, एवढंच? काहीतरी करा, मॅडम."

मी केलं. दुसऱ्या एका सीनमध्ये निनादची आई, यमुनाकाकू, कांदा चिरत होत्या. क्लोजअप होता, त्यामुळे कांदा दिसत नव्हता, फक्त पाणावलेले डोळे. तो शॉट मी चहाच्या मध्ये लावला. नाना बघतात, काकू रडतात, नाना पुन्हा बघतात. शॉट तेच, पण आता नाना ओशाळलेले दिसायला लागले. निर्माते खूश.

निनाद चिडला नाही. हळूच म्हणाला, "आई रडलीच नव्हती. हे खोटं आहे, ताई."

"त्यांनाच विचारू. चेहरा त्यांचा आहे."

रविवारी नाना आणि काकू निनादबरोबर आले. काकूंनी वाडीतली केळी आणली होती. मी माझा कट लावला. नाना खुर्ची पुढे ओढून बघत होते. संपल्यावर काकूंकडे वळले.

"तू रडलेलीस?"

"कांदा होता हो तो," काकू हसल्या. "हिनं मधे जोडलाय."

"कांदा असंल. पन हॉस्पिटलात तू बाहेर बाकड्यावर निजायचीस. काचेतून दिसायचीस मला."

काकूंचं हसू थांबलं. "मला वाटायचं, तुम्ही झोपलेले असता."

"झोप कसली येतेय."

काकूंनी नानांची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि हात तिथेच राहू दिला. निनादने टेबलावरचा फोन उचलला. मला वाटलं, हा आता रेकॉर्ड करणार. त्याने तो पालथा ठेवला आणि केळं सोलून नानांना दिलं.

आईवडील गेल्यावर निनाद म्हणाला, "कांदा काढू या."

मी काढला. जिवावर आलं, कारण कट चांगला जमला होता. निर्माते आठवडाभर धुसफुसले, मग थकले. शॉट अखंड राहिला. फक्त सुरुवात छाटली, कारण तिथे नाना "चालू झालं का रे?" असं विचारतात. तेवढा कट निनादनेही चालवून घेतला.

फिल्म लागली तेव्हा त्या शॉटला थिएटरात काही जण मोबाइल बघत होते, बरेच जण नानांकडे. त्यामुळे वाद काही मिटला नाही. माझ्यापुरता मी एक नियम केलाय. पडद्यावर खरी माणसं असतील, तर एडिट लॉक करण्याआधी, म्हणजे यापुढे बदल नाहीत असं ठरण्याआधी, फिल्म त्यांना दाखवायची. त्यासाठी शेड्यूलमध्ये एक दिवस जास्त मागते. निर्माते कुरकुरतात, पण देतात.