डाव्या हाताची मूठ

मस्कतमध्ये हिवाळा लागला की माणसं घरात सापडत नाहीत. कोणी वाळवंटात तंबू ठोकतं, कोणी समुद्रावर कोळसे पेटवतं. आमची एसीतली शूटिंग रेंज ओस पडते आणि रुवीतल्या नेमबाजीच्या दुकानात मालावर सूट मिळते. उन्हाळाभर एअर पिस्तूल चालवून आजूबाजूच्या पोरांना हसवून झाल्यावर या हिवाळ्यात मी स्वतःची मूठ घ्यायला निघाले. पिस्तूल क्लबचंच, ते घरी नेता येत नाही. पण त्याला बसवायची लाकडी मूठ ज्याची त्याने घ्यायची.

प्रश्न एवढाच होता, उजवी की डावी.

मी जन्माची डावखुरी. लहानपणी आईने माझा डावा हात परकराच्या नाडीने कमरेशी बांधून मला उजवीकडे वळवलं. आईचं चुकलं ते चुकलं, पण तिची मुलगी काय नग होती पाहा. आई बांधायला विसरली, तर ही बया स्वतःच नाडी घेऊन तिच्यापुढे उभी. पुढे कॉलेजात एनसीसीची रायफल हाती आली, तीही हिने मुकाट उजव्या खांद्याला लावली. गोळ्या शेजारणीच्या टार्गेटवर. शेजारणीला शाबासकी मिळाली तेव्हा टाळ्या वाजवण्यात ही पहिली.

इथल्या कोचने माझे छर्रे भिंतीत जाताना पाहून शेवटी सांगितलं, तुमचा नेमाचा डोळा डावा आहे, पिस्तूलही डाव्या हातातच बरं पडेल. हात हिवाळ्यातच ठरवा, मोसम सुरू झाल्यावर बदलू देणार नाही.

शुक्रवारी मुलगा सोहारहून आला होता, त्यानेच गाडीने नेलं. वाटेत त्याचं चालूच होतं, की जन्मभर सगळं उजव्याने केलंस, डाव्याने साधा चमचा धरत नाहीस, आता हे काय नवीन. माया खरी आहे त्याची. पण तो कारखान्यात सेफ्टी बघतो, त्यामुळे यंत्रासारखी आईसुद्धा त्याला बंद करून ठेवलेलीच बरी वाटते.

दुकानदार म्हातारा बलुची ओमानी, माझ्यापेक्षा चांगलं हिंदी बोलणारा. त्याने अदबीने उजवी मूठ पुढे केली. डावी एकच होती, कपाटाच्या तळाशी, कुणीतरी मागवून न नेलेली. मी तीच मागितली. त्याने ती रिकाम्या पिस्तुलावर चढवून दिली आणि भिंतीवरचा काळा ठिपका दाखवला. मी हात उचलला. त्याला सवय नव्हती, खोटं कशाला सांगू. पण डोळा, पिस्तुलाचं टोक आणि ठिपका एका रेषेत आले. उजव्याने हे एकदाही झालं नव्हतं.

अंगठ्यापाशी लाकूड टोचत होतं. दुकानदार म्हणाला, कानशीने घासून देतो, पण आधी नीट विचार करा. घासलेली मूठ परत घेत नाही.

मुलाने तेच धरलं. "आई, आज उजवी नेऊ. ही पुढच्या शुक्रवारी बघू."

जुन्या बयेने मान डोलावली असती, वर त्याला त्याच्या शहाणपणाबद्दल चहा पाजला असता.

"घिसो," मी दुकानदाराला म्हटलं. "अभी, मेरे सामने."

त्याने मुलाकडे पाहिलं.

"उधर क्या देखते हो? हाथ मेरा है."

"ठीक है, अम्मा," म्हणून त्याने कानस उचलली. भुगा काउंटरवर पडू लागला. तो थोडं घासायचा, मी मूठ धरून बघायची, परत द्यायची. मुलगा जवळ सरकला. मग वाकून म्हणाला, "करंगळीपाशी टोचतंय का बघ."

टोचतंय, मी म्हटलं. टोचत नव्हतं. पण जितकी जास्त घासली जाईल तितकं बरं.